वायर बदलून बघा

कॉम्प्युटरचं काम रेंगाळायला लागलं की घरात तीन निदानं होतात. आई म्हणते, "तुम्ही त्यात काय काय भरून ठेवलंय ते आधी काढा." मुलगा म्हणतो, "हा आता टाकायला झालाय, नवीन घेऊ." तिसरं निदान त्या वेळी खोलीत जो कोणी रिकामा उभा असेल तो करतो, "वायर बदलून बघा." पहिल्यात भांडण आहे, दुसऱ्यात खर्च आहे. तिसऱ्यात दोन्ही नाही, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर होतो. शिवाय वायर उलटून बोलत नाही, आणि टेबलाखाली वाकून ती उपटणाऱ्याला आपण काहीतरी तांत्रिक काम करतोय असं वाटतं.

पण वायर जुनी असली की डेटा खरंच हळू जातो का? हा प्रश्न मी ओळखीतल्या जाणकारांना घातला. बँकेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी म्हणाले, "म्हणजे काय! वीस वर्षं झाली तिला. तिनं तरी किती ओढायचं?" हिंजवडीत आयटीत असलेला भाचा म्हणाला, "मामा, डिजिटल आहे ते. एक जातो नाहीतर शून्य जातो. वायरीनं काय फरक पडतोय?" दुकानदार म्हणाला, "नवीन घेऊन टाका." तिघांपैकी हेतू फक्त दुकानदाराच्या बोलण्यात स्पष्ट होता.

शेजाऱ्यांचा मुद्दा भावनेला पटतो, पण तांब्याला पेन्शनीचं वय नसतं. तांब्याच्या तारेतून संकेत प्रकाशाच्या वेगाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने धावतो. १९९८ साली घेतलेल्या तारेतून तो जितका धावायचा तितकाच आजही धावतो. मधल्या काळात आपले गुडघे गेले असतील, तारेचे गेलेले नाहीत. भाच्याचा मुद्दाही अर्धाच. एक आणि शून्य जातात हे कबूल, पण सेकंदाला किती जातात आणि वाटेत किती जण चेहरा ओळखू येणार नाही इतके विद्रूप होतात, यावरच सगळा खेळ आहे. वायरीचा वेग ठरतो तो तिच्या पोटात तारा किती आहेत, त्या कशा पिळल्या आहेत आणि तिचं एकेक टोक कोणी जोडलं आहे यावर. म्हणजे वय विचारू नये, कूळ विचारावं. आता वायर जितकी जुनी तितकं कूळ हलकं असण्याची शक्यता जास्त, एवढाच काय तो वयाचा संबंध. आणि नवीन वायर हलक्या कुळातली नसते, असंही कोणी म्हणू नये.

याचा पुरावा हवा असेल तर कॉम्प्युटरच्याही मागे जावं लागेल. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी, आयर्लंड ते न्यूफाउंडलंड, तारायंत्राची पहिली केबल पडली. केबल कोरी करकरीत होती. ऑगस्टमध्ये व्हिक्टोरिया राणीने अमेरिकेचे अध्यक्ष ब्युकॅनन यांना अभिनंदनाचा संदेश पाठवला. शब्द ९८. पोचायला लागले सुमारे १६ तास. हिशेब केला तर एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटं. इतक्या वेळात आमच्याकडे पोस्टमन गल्लीच्या टोकापासून दारापर्यंत चहा पिऊन येतो.

या केबलच्या मुख्य विद्युततज्ज्ञाच्या जागी वाइल्डमन व्हाइटहाउस नावाचे गृहस्थ होते. पेशाने शल्यवैद्य. विजेचा नाद मागाहून लागलेला. त्यांच्यासमोर होते ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन, जे पुढे लॉर्ड केल्विन झाले. थॉमसन गणित मांडून सांगत होते की केबल दुप्पट लांब केली की संकेत चौपट रेंगाळतो, तेव्हा आतली तार जाड घ्या, वरचं आवरण जाड घ्या, आणि अगदी हळुवार प्रवाह सोडून तो टिपायला नाजूक यंत्र वापरा. व्हाइटहाउस यांना हे गणित मान्य नव्हतं. संदेश नीट पोचेनात तेव्हा त्यांनी वैद्यकीय मार्ग धरला. गुण येत नाही म्हणताना डोस वाढवला. केबलला सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. रोगी काही आठवड्यांतच दगावला.

पुढे थॉमसन यांच्या मताप्रमाणे जाड तारेची केबल झाली आणि १८६६ साली ग्रेट ईस्टर्न नावाच्या अवाढव्य जहाजाने ती टाकली. तिच्यातून मिनिटाला आठेक शब्द जायला लागले. म्हणजे राणीसाहेबांचा तोच मजकूर बारा-तेरा मिनिटांत. याच ग्रेट ईस्टर्नने १८७० साली मुंबई ते एडन केबल टाकली आणि मुंबई समुद्राखालून लंडनला जोडली गेली. समुद्राचं पाणी तेच, तांबं तेच, तार ओढणारी माणसंही बहुधा तीच. फरक पडला तो जाडीने आणि डॉक्टरांना बाजूला बसवल्याने.

आता घरातल्या वायरींकडे. जुन्या वायरीमुळे वेग खरोखर बुडाल्याचा एक नमुनेदार खटला मला माहीत आहे. त्यातली आरोपी म्हणजे हार्ड डिस्कची ती करडी, चपटी पट्टी. साधारण २००० सालच्या सुमारास ज्यांनी कॉम्प्युटर 'असेंबल' करून घेतला त्यांना ती आठवत असेल. एका कडेला लाल रेघ, आणि डब्याचं झाकण लावताना हमखास मध्ये येणार. या पट्टीत ४० तारा असत. पुढे सेकंदाला ६६ मेगाबाइट देणाऱ्या डिस्क आल्या आणि त्यांच्यासाठी नवीन पट्टी निघाली. टोकाची खोबण तीच, भोकं तेवढीच, पण तारा ८०. या जादा ४० तारा काय वाहून नेत? काहीही नाही. त्या सगळ्या जमिनीला जोडलेल्या. प्रत्येक कामाच्या तारेशेजारी एक बिनकामाची तार उभी करायची, म्हणजे इकडचं बोलणं तिकडच्या तारेला ऐकू जात नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये खुर्च्या अशा मांडता आल्या असत्या तर किती वेळ वाचला असता.

नव्या डिस्कला जुनी ४० तारांची पट्टी लावली की मदरबोर्ड ते ओळखायचा आणि वेग ३३ वर आणून ठेवायचा. काही मदरबोर्ड तर सुरू होताना पडद्यावर लिहूनच टाकायचे की ८० तारांची केबल बसवलेली नाही. यंत्राने आपली तक्रार इतक्या स्वच्छ शब्दांत मांडल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. लोक ती ओळ रोज बघायचे आणि विंडोजचा पडदा येण्याची वाट बघत बसायचे. मग कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून व्हायरस शोधायचे.

त्या पट्टीनंतर आलेली साटाची बारीक वायर मात्र निर्दोष. डिस्कचा वेग दीड गिगाबिटवरून तीन झाला, तीनवरून सहा झाला, पण धड अवस्थेतली पहिल्या पिढीतली वायर तिसऱ्या पिढीलाही चालते. तिला कोणी नावाजत नाही. सरळ माणसांचं असंच असतं.

लॅनच्या वायरीची कथा लांबलचक आहे, कारण तिथे वायरीबरोबर वायरमन येतो.

तिच्या पोटात आठ तारा असतात. केशरी, हिरवी, निळी आणि तपकिरी अशा चार जोड्या. प्रत्येक जोडीला पीळ घातलेला. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की बाहेरचा विजेचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि वजाबाकीत उडून जातो. ही युक्ती टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची, पेटंट १८८१ सालचं. चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळा ठेवतात, नाहीतर एका जोडीचं गाऱ्हाणं दुसरी ऐकायला लागते.

आता गंमत अशी की सेकंदाला १०० मेगाबिट न्यायला यांतल्या दोनच जोड्या लागतात. उरलेल्या दोन आपल्या पडून. आपल्याकडच्या वायरमनला चार चांगल्या तारा पडून राहिलेल्या बघवत नाहीत. त्यामुळे १०० मेगाबिटच्या जमान्यात कितीतरी ऑफिसांत एकाच वायरीच्या दोन टोकांना दोन दोन प्लग लावून दोन कॉम्प्युटर चालवले गेले. काटकसर म्हणून त्यांचं कौतुकही झालं. पुढे गिगाबिट आलं. त्याला चारही जोड्या लागतात. एखादी जोडी दुसऱ्या कामाला लावलेली, तुटलेली किंवा प्लगमध्ये नीट न बसलेली असेल तर गिगाबिट हुज्जत घालत नाही, निमूट १०० वर येतं. ३०० चा प्लॅन घेतलेला माणूस मोबाइलवर स्पीड टेस्ट करतो तर तीनशे, टेबलावरच्या कॉम्प्युटरवर करतो तर चौऱ्याण्णव. परत करतो, चौऱ्याण्णव. रात्री करतो, चौऱ्याण्णव. एकादशीला करतो, तरी चौऱ्याण्णव. हा आकडा इतका इमानदार आहे की तो दिसला की बाकी काही तपासूच नये, चार तारांवर गाडी चाललीय असं समजावं. पण आपण आधी इंटरनेटवाल्याला फोन करतो. तो म्हणतो, "राउटर बंद करून चालू करा." आपण करतो. चौऱ्याण्णव.

म्हणजे ही वायर जुनी म्हणून दोषी? तेही नाही. १९९९ साली गिगाबिटचं मानक ठरलं तेव्हा ते त्या काळी भिंतीभिंतींत पसरलेल्या कॅट-५ वायरीवरच, १०० मीटरपर्यंत, चालावं असं बेतलेलं होतं. भिंती फोडायला लावल्या असत्या तर गिगाबिट घेतलं कोणी असतं? तेव्हा नीट जोडलेली जुनी कॅट-५ आजही गिगाबिट नेते. तिच्यानंतर आलेली कॅट-५ई घरगुती कामाला पुरून उरते. दहा गिगाबिट हवं असेल तर कॅट-६ पंचावन्नेक मीटरपर्यंत आणि कॅट-६ए पुरे १०० मीटर. घरात दहा गिगाबिट कोणाला लागतं हा प्रश्न वेगळा. पण कॅट-८ नावाची जाडजूड वायर घेऊन ती ५० मेगाबिटच्या कनेक्शनला लावणारे मी पाहिले आहेत. वेग तेवढाच राहिला, पण वायर टेबलावरून राउटरला खाली ओढते.

वायर म्हातारी होते ती बाहेरून. गच्चीवरून, नारळाच्या झाडावरून, शेजारच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून आलेली वायर उन्हात तडकते, पावसाचं पाणी आत शिरतं, आणि उरलेलं उंदीर बघतो. घरातल्या वायरीत सगळ्यात आधी जाते ती प्लगवरची प्लॅस्टिकची इवलीशी खिट्टी. ती मोडली की प्लग खोबणीत राहत नाही. मग तिथे काडेपेटीतली काडी, कागदाची घडी किंवा इअरबडचा तुकडा बसवला जातो. या वायरीच्या आसपास पाच फुटांत घरात कोणी धपधप चालायचं नाही असा दंडक पडतो. ऑफिसची मीटिंग चालू असताना कामवाल्या मावशींनी झाडू जरा आत सरकवला की साहेबांचा चेहरा पडद्यावर गोठतो.

आणि एक जात अशी आहे की जी जन्मतःच खोटी. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. दिसायला तंतोतंत, भावाला स्वस्त. दोन-तीन मीटरवर निभावून जाते, लांब ओढली की अडखळते, आणि वाकवली की आतून तुटते. तिच्याकडे आपण शेवटी परत येऊच.

आता यूएसबी. हिचं मराठी माणसाशी नातं आहे, निदान आपण लावायचं ठरवलं तर आहे. इंटेलमध्ये यूएसबी घडवणाऱ्या मंडळींतले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. सयाजीराव गायकवाड आपले, विद्यापीठ त्यांच्या नावाचं, तेव्हा यूएसबी निम्मी आपली, असं आमचे शेजारी सप्रमाण सांगतात. मात्र प्लग पहिल्या झटक्यात कधीच का जात नाही, असं विचारलं की ते ती अमेरिकेची म्हणतात. प्लगचा हा त्रास खुद्द भट्ट यांनी मुलाखतीत मान्य केला आहे. प्लग दोन्ही बाजूंनी चालेल असा केला असता तर तारा आणि खर्च दुप्पट झाला असता, आणि त्या वेळी यूएसबी स्वस्त असणं जास्त गरजेचं होतं. म्हणून आपण सगळे गेली पंचवीस-तीस वर्षं प्लग घालतो, जात नाही, उलटा करतो, जात नाही, परत पहिल्यासारखा करतो, जातो.

१९९६ साली आलेली पहिली यूएसबी जास्तीत जास्त १२ मेगाबिट द्यायची. माऊस आणि कीबोर्डाला तेवढं भरपूर. २००० साली यूएसबी २.० आली, ४८० मेगाबिट. पोटात चार तारा. लाल आणि काळी विजेच्या, पांढरी आणि हिरवी डेटाच्या. २००८ साली ३.० आली, पाच गिगाबिट. तिने जुन्या चौघींना हात लावला नाही, शेजारी आणखी पाच आणून बसवल्या आणि ओळखीसाठी प्लगच्या जिभेला निळा रंग दिला. जुनी वायर नव्या खोबणीत जाते, काम करते, फक्त पाच तारांची वाट बंद राहते आणि वेग ४८० वर येतो. कोणी सांगत नाही, दिवा लागत नाही.

खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कला ती रुंद, दोन भागांची चपटी पिन असते बघा. ती वायर आठवडाभरात हरवते. मग घरातल्या कोणाच्या तरी लक्षात येतं की त्या रुंद खोबणीच्या मोठ्या भागात जुन्या मोबाइलच्या चार्जरची पिन बरोब्बर बसते. बसते आणि चालतेही! या शोधाचा घरात सत्कार होतो. पण पुतणीच्या लग्नाचं ६० गिगाबाइटचं शूटिंग मूळ वायरीने नऊ-दहा मिनिटांत उतरलं असतं, ते आता अर्धा तास घेतं. तोवर नवरीकडची माणसं सोफ्यावर बसून टक्क्यांचा हिरवा पट्टा बघत असतात. निळी वायरही फार अदबीने, हळूहळू खुपसली तर कधी कधी फसवते. जुन्या चार पट्ट्या आधी टेकतात, कॉम्प्युटर 'आली २.०' असं समजून नाव नोंदवून टाकतो, आणि मागचे पाच जण पोचेपर्यंत दार बंद. ती ठामपणे एका दमात घालावी. सज्जनांचं हे नुकसान भरून देणारी योजना अजून निघालेली नाही.

नावांचा घोळ तर विचारू नका. जी ३.० होती तिला पुढे ३.१ जेन १ म्हणायला लागले, मग तिलाच ३.२ जेन १. वेग तोच, पाच गिगाबिट. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला हे नवं वाटत नाही. त्या रस्त्याच्या पाटीवर कधीपासून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, आणि टॅक्सीवाल्याला तसं सांगितलं की तो विचारतो, "लॅमिंग्टन के पास क्या?" तिथल्या कुठल्याही गाळ्यात वायर घ्यायला गेलं की साधारण असा संवाद होतो.

"टाइप-सी केबल आहे का?"

"आहे ना. फास्ट देऊ?"

"फास्ट म्हणजे किती?"

"एकदम फास्ट. पासष्ट वॉट."

"ते चार्जिंगचं झालं. डेटा?"

"डेटा पण जातो."

"हो, पण किती वेगानं?"

दुकानदार आपल्याकडे अशा नजरेने बघतो की आपण भाजीवाल्याला मेथीचं शास्त्रीय नाव विचारलं. मग तो दोन्ही हातांनी केबल ताणून दाखवतो. तुटत नाही. विषय संपतो.

दोष त्याचाही नाही. टाइप-सीच्या प्लगमध्ये २४ पट्ट्यांची जागा आहे, पण त्या सगळ्यांना तारा जोडल्याच पाहिजेत असं नाही. सारख्या दिसणाऱ्या चार केबलींत एक ४८० मेगाबिटची, एक दहा गिगाबिटची, एक चाळीसची, आणि एक डेटाच्या तारा मुळातच नसलेली, फक्त चार्जिंगपुरती निघू शकते. शंभर वॉट असं ठसठशीत छापलेली केबल डेटाला २००० सालचीच असू शकते. वॉट म्हणजे विजेचा जोर. त्याचा डेटाच्या वेगाशी काही संबंध नाही, पण खोक्यावर आकडा मोठा दिसला की आपल्याला समाधान वाटतं. सुती विणीची, दोन मीटर लांब, हाताला मऊ लागणारी केबल बहुधा हळूच असते. ती पलंगावर आडवं पडून फोन चार्जिंगला लावण्यासाठी जन्मलेली. चाळीस गिगाबिटची साधी केबल ८० सेंटिमीटरच्या आसपास संपते, जाड असते आणि वाकायला नाखूश असते.

नवीन म्हणजे वेगवान हा समज तर २०२३ साली आयफोन १५ ने मोडीत काढला. ॲपलने आयफोनला पहिल्यांदा टाइप-सी दिली. खोक्यात पांढरीशुभ्र विणलेली केबल, किंमत डोळे पांढरे करणारी, आणि केबलचा वेग ४८० मेगाबिट. प्रो मॉडेल स्वतः दहा गिगाबिट देऊ शकतं, पण त्यासाठी वेगळी केबल विकत घ्यायची. साध्या मॉडेलला तर कुठलीही केबल लावा, फोनच ४८० च्या पुढे जात नाही. त्यापेक्षा आमच्या शेजाऱ्यांच्या जुन्या हार्ड डिस्कची निळी वायर कागदावर दसपट वेगवान. त्यांना हे सांगितल्यावर ते दोन दिवस जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

खोट्या वायरीने वेग कमी होण्यावर निभावलं तर नशीब समजायचं. गूगलमधले इंजिनिअर बेन्सन ल्युंग २०१५ पासून ऑनलाइन मिळणाऱ्या टाइप-सी केबली घेऊन तपासत असत आणि बरी कोणती, वाईट कोणती ते जाहीर लिहीत असत. २०१६ च्या सुरुवातीला त्यांच्या हाती आलेल्या एका केबलमध्ये आतल्या तारा उलटसुलट जोडलेल्या निघाल्या. ती लावताच त्यांचा लॅपटॉप कामातून गेला. वायर कोरीच होती.

बरं, चांगली वायर आणली की वेग मिळालाच असंही नाही. पंगतीत सगळ्यात हळू जेवणाऱ्याचं होईपर्यंत कोणी पानावरून उठत नाही, तसं इथे आहे. लॅपटॉपची खोबण, वायर, डिस्क, सगळ्यांनी मिळून चालायचं आणि वेग ठरवायचा सगळ्यात मंद असेल त्याने. चाळीस गिगाबिटची वायर आणून तिला फिरत्या तबकडीची जुनी डिस्क लावली तर डिस्क आपल्या सवयीने सेकंदाला शंभर-सव्वाशे मेगाबाइटच देणार. स्वस्त पेन ड्राइव्हला तर वायरच लागत नाही, तरी तो भरताना दहाच्या खाली रांगतो. पण तिथे बदलायला वायर नसल्यामुळे लोक फार निराश होतात.

यात मेगाबिट आणि मेगाबाइटचा घोळ वेगळाच. आठ बिट म्हणजे एक बाइट. विकणारा बिटांत सांगतो, कॉम्प्युटर बाइटांत दाखवतो. १०० चा प्लॅन घेऊन १२ चा आकडा बघणाऱ्याला आपल्याला सात-अष्टमांश लुबाडलं असं वाटतं आणि तो तडक राउटरमागची वायर उपटतो. त्या वेळी तो स्वतः वायफायवर असतो.

आमच्या शेजाऱ्यांनी शेवटी हा प्रश्न प्रयोगाने सोडवायचं ठरवलं. निवृत्त बँकवाला एकदा ताळेबंदाला बसला की उठत नाही. एक मोठी फाइल घेतली, जुन्या रोखवहीत रकाने आखले, आणि घरातली एकेक वायर लावून तीच फाइल, तोच लॅपटॉप, तीच डिस्क, असं उतरवून बघायला सुरुवात केली. सेकंदाला चाळीस मेगाबाइटच्या आत अडकली ती २.० च्या कुळातली, शंभरच्या पुढे गेली ती ३.० ची. पद्धत अगदी शास्त्रशुद्ध. मी तर म्हणेन, एवढी एकच पद्धत घरच्या घरी भरवशाची आहे, बाकी दिसण्यावर आणि छापलेल्या अक्षरांवर जाऊ नये. प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नाव, वेग आणि तारीख लिहिली. जी पास झाली ती ड्रॉवरात. नापासांचा ढीग दिवाणखान्यात साचला आणि काकूंनी रविवारी भंगारवाल्याला वर बोलावलं.

भंगारवाल्याने ढिगाकडे बघितलं, एकही चिकटपट्टी वाचली नाही, आणि खिशातून सुरी काढली. मागच्या वर्षी घेतलेली, निळीशार, कॅट-६ छापलेली नवी लॅनची वायर उचलून एका तारेला ओरखडा काढला.

"साहेब, यात तांबं नाही. ॲल्युमिनियम आहे. वरून नुसतं पॉलिश."

"अहो, दुकानदारानं शुद्ध तांब्याची म्हणून दिलीय!"

"मग त्यालाच परत द्या." त्याने ती बाजूला टाकली आणि तळाशी हात घालून प्रिंटरची जुनी केबल बाहेर काढली. पंचवीस टाचण्यांच्या पिनेची, अंगठ्याएवढी जाड, जी लावायची खोबण आता कुठल्याच नव्या लॅपटॉपला नाही. तिच्यातून आता एक अक्षर जायचं नाही. त्याने ती हातात तोलली, टोक खरवडलं आणि मान डोलावली. "हा माल. याचे तांब्याच्या भावानं देतो."

शेजारी रोखवही घेऊन त्याला वेगाचा रकाना दाखवायला लागले. त्याने ऐकून घेतलं, पैसे मोजले, पोतं खांद्यावर टाकलं आणि दारात थांबला.

"साहेब, यातली एखादी टाइप-सी चालू असली तर द्या ना. फोनला पाहिजे."

शेजाऱ्यांनी ढिगातून लाल पट्टी लावलेली एक केबल काढली. तिच्यावर लिहिलं होतं, 'डेटा शून्य.'

"हिच्यातून फक्त चार्जिंग होतं बरं का," ते अपराधी चेहऱ्याने म्हणाले.

"मग दुसरं काय करायचं असतं?" भंगारवाला म्हणाला आणि ती खिशात घालून जिना उतरला.